अलार्म वाजतो, दार मात्र चिकटलेलेच: ईएम लॉक आणि फायर पॅनेलच्या जोडणीतला दोष कसा शोधावा

कार्ड दाखवून उघडणारी, ईएम लॉकने (वीज असेपर्यंत चुंबकाने धरून ठेवणाऱ्या कुलपाने) बंद राहणारी दारे आता गोव्यात सगळीकडे झाली आहेत. पाटोवरची ऑफिसे, वेर्णा-कुंडईचे कारखाने, किनारपट्टीवरची हॉटेले, म्हापसा-मडगावची डायग्नोस्टिक सेंटरे. ही दारे बसवण्याचे आणि त्याहून जास्त वेळा दुरुस्त करण्याचे काम मी करतो. सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच: मॉक ड्रिल घेतले, हूटर वाजले, माणसे दारापाशी जमली आणि दार जागचे हलले नाही. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्याच्या नाइटक्लबच्या आगीत २५ जण गेले. त्यानंतर हे फोन ड्रिल व्हायच्या आधीच येऊ लागले, एवढाच फरक.

व्हायला हवे ते असे. डिटेक्टरला धूर लागतो किंवा कोणी लाल एमसीपी, म्हणजे आगीची सूचना द्यायचा भिंतीवरचा डबा (मॅन्युअल कॉल पॉइंट) दाबतो. फायर अलार्मचे पॅनेल अलार्ममध्ये जाते आणि त्यातला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, पलटतो. त्यामुळे लॉकचा करंट तुटतो, चुंबक सुटते आणि दार ढकलले की उघडते. साखळीत चार-पाच कड्या आहेत. कोणती तुटली ते शोधायचे, आणि सुरुवात फुकटात होणाऱ्या तपासणीपासून करायची.

लक्षणे

आधी नेमके काय होते ते लिहून घ्या. “दार उघडत नाही” एवढ्यावरून काही कळत नाही.

- हूटर वाजतो, दार बंदच. कार्डने किंवा एक्झिट बटनाने मात्र नेहमीसारखे उघडते. म्हणजे लॉक ठीक आहे, पॅनेलपासून लॉकपर्यंतची वाट तुटली आहे.
- काही दारे सुटतात, एक-दोन अडून बसतात. त्या दारांना वीज दुसरीकडून मिळते आहे.
- दार सुटते आणि पाच-दहा सेकंदांत पुन्हा धरते. किंवा कोणी हूटर गप्प केला की लगेच धरते.
- लॉकची वीज गेलेली असते, दिवा विझलेला असतो, तरी दार जोर लावल्याशिवाय निघत नाही. हा दोष विजेचा नाही, लोखंडाचा किंवा लाकडाचा आहे.
- अलार्म नसताना दार मध्येच सुटते, विशेषतः पावसात. हे लक्षण निरुपद्रवी वाटते. पण याच कारणाने कोणीतरी जोडणी बायपास करतो आणि खरा दोष तिथून सुरू होतो.
- अलार्म रिसेट केला तरी दार लॉक होत नाही. हे गैरसोयीचे आहे, धोक्याचे नाही. याची घाई नको.

हात लावण्याआधी

चाचणीसाठी अलार्म वाजवणार असाल तर पॅनेलच्या त्याच रिलेवर किंवा त्याच प्रोग्रामवर आणखी काय काय लटकले आहे ते विचारा. लिफ्ट तळमजल्याला येऊन थांबतात, एएचयू (सेंट्रल एसीची हवा फिरवणारी यंत्रे) बंद पडतात, हे ठीक. पण सर्व्हर रूममध्ये गॅस फ्लडिंग (खोलीत गॅस सोडून आग विझवण्याची सोय) असेल तर ते सोडणाऱ्या यंत्रणेला तिच्याच माणसाने आयसोलेट केल्याशिवाय चाचणी करायची नाही. यात तडजोड नाही. रिसेप्शनला सांगा, सिक्युरिटीला सांगा, दाराच्या आत एक माणूस किल्लीसकट उभा करा. हॉटेल असेल तर दुपारी, चेकआउट झाल्यानंतरची वेळ घ्या.

पहिली तपासणी: पॅनेलकडे नुसते बघा

पॅनेलच्या पुढच्या बाजूला “डिसेबल” किंवा “आयसोलेट” असा पिवळा दिवा लागलेला असेल तर निम्म्या वेळा काम तिथेच संपते. जून-जुलैत डिटेक्टरमध्ये दमट हवा शिरते, मुंग्या घर करतात, किचनची वाफ कॉरिडॉरमध्ये येते आणि खोटा अलार्म होतो. मध्यरात्री दोनदा असे झाले की नाइट ड्यूटीवरचा माणूस कोणाला तरी फोन करतो. पलीकडून “आउटपुट डिसेबल करून ठेव, सकाळी बघू” असे उत्तर येते. ती सकाळ चतुर्थीपर्यंत उगवत नाही.

पॅनेलचा इव्हेंट लॉग उघडा. आउटपुट कोणत्या तारखेला बंद केले ते बहुतेक ॲड्रेसेबल पॅनेलमध्ये (प्रत्येक डिटेक्टर वेगळा ओळखणाऱ्या) मिळते. कन्व्हेन्शनल, म्हणजे साध्या झोनच्या पॅनेलमध्ये सहसा लॉग नसतो. तिथे पॅनेलशेजारी बायपासचा एखादा की-स्विच लावलेला आहे का ते बघा.

मग लॉकच्या पॉवर सप्लायचा डबा उघडून नुसती नजर फिरवा, अजून काही दाबू नका. मी शोधतो ती वस्तू असते बोटभर लांबीची वायर. बहुतेक वेळा लाल, दोन्ही टोके सोललेली, रिलेच्या दोन टर्मिनलमध्ये खुपसलेली, वर चिकटपट्टी. हाच जंपर: रिले पलटला तरी वीज चालूच ठेवतो. कळंगुटकडच्या एका हॉटेलात अशी वायर इतकी जुनी होती की तिच्यावर पालीची अंडी चिकटलेली होती. सिक्युरिटीवाले काका म्हणाले, “बाब, ती काढू नका. ती काढली की पावसात दार उगडे पडते.” त्यांचे खरे होते. जंपरमुळे दार पावसात सुटायचे थांबले होते, आणि आगीतही सुटले नसते.

जंपर दिसला तर तो कशासाठी घातला ते आधी शोधा. नुसता काढून टाकलात तर पुढच्या आठवड्यात दुसरा येईल.

दुसरी तपासणी: हिरवा डबा

दाराशेजारी आतल्या बाजूला हिरवा इमर्जन्सी रिलीज असतो. काच फोडायचा किंवा नव्या प्रकारात दाबून आत जाणारा. चाचणीची प्लॅस्टिकची किल्ली लावून तो चालवा. खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट, आणि कामाची दिशा ठरते.

दार सुटले, तर लॉक, दार आणि जवळची वायरिंग ठीक आहे. दोष पॅनेलकडच्या बाजूला आहे, चौथ्या तपासणीपासून पुढे जा. दार सुटले नाही, तर पॅनेलला दोष देऊ नका, तिसऱ्या तपासणीकडे जा.

हा डबा आहे तरी का आणि कसा जोडलेला आहे, हेही याच वेळी बघून घ्या. लॉकला जाणारी वीज या डब्याच्या आतून गेली पाहिजे, म्हणजे डबा दाबला की करंट तिथल्या तिथे तुटतो. बरेच जण वायर वाचवण्यासाठी डबा कंट्रोलरच्या (कार्ड तपासून दार उघडणाऱ्या बोर्डच्या) एक्झिट इनपुटला जोडतात. मग दार उघडायचे की नाही हे कंट्रोलर ठरवतो, आणि तो हँग झाला की डबा ही भिंतीवरची शोभा उरते. ओळखायची खूण सोपी आहे: कंट्रोलरची वीज चालू ठेवून त्याचा रिले सोडवा, लॉकला थेट वीज द्या आणि डबा दाबा. दार सुटले नाही तर जोडणी चुकीची आहे.

पुश बटन आणि हात दाखवायचा नो-टच सेन्सर हे रोजच्या सोयीसाठी आहेत, त्यांना इमर्जन्सीत धरू नका. अमेरिकेच्या एनएफपीए १०१ या जीवसुरक्षा संहितेमध्ये सेन्सरने सुटणाऱ्या दारांसाठी हाताने चालवायचे बटन दारापासून पाच फुटांच्या आत मागितले आहे. ते दाबले की बाकी इलेक्ट्रॉनिक्सला न विचारता वीज थेट तुटावी आणि दार किमान ३० सेकंद सुटलेले राहावे, अशी अट आहे. आपल्याकडच्या राष्ट्रीय इमारत संहितेचा, म्हणजे एनबीसी २०१६ च्या चौथ्या भागाचा मूळ आग्रह त्याहून साधा आहे: बाहेर पडायचा दरवाजा आतून किल्लीशिवाय उघडला पाहिजे. कार्ड हीसुद्धा किल्लीच.

तिसरी तपासणी: वीज पूर्ण काढा आणि दार ढकला

लॉकच्या पॉवर सप्लायचा मेन बंद करा आणि बॅटरीची एक वायरही काढा. फक्त मेन बंद करून भागत नाही. “लाइट गेली की दार आपोआप उघडते, मग अलार्मची जोडणी कशाला?” हे वाक्य मी प्रत्येक सोसायटीत ऐकतो. हिशेब करा. १२ व्होल्टचे ६०० पाउंडचे, म्हणजे साधारण २७० किलो ओढ असलेले लॉक अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेते. डब्यात ७ अँपिअर-अवरची बॅटरी असली तर कागदावर १४ तास निघतात. जुनी बॅटरीही काही तास धरते. शिवाय गोव्यात पावसाळ्यात वीज खात्याच्या भरवशावर कोणी राहत नाही, प्रत्येकाकडे इन्व्हर्टर असतो आणि लॉकही त्याच्यावरच असते. म्हणजे आगीत मेन ट्रिप झाला तरी दार संध्याकाळपर्यंत घट्ट.

दोन्ही काढल्यावर दार दोन बोटांनी उघडले पाहिजे. उघडले नाही तर पुढचे बघा.

*आर्मेचर प्लेट.* दारावर बसवलेली लोखंडी पट्टी ढिली असायला हवी. तिच्यामागे रबरी वॉशर असतो, त्यामुळे ती किंचित डुलते आणि चुंबकावर सपाट बसते. “पट्टी हलते आहे” म्हणून कोणीतरी मधला बोल्ट आवळून टाकतो. बऱ्याच पट्ट्यांमध्ये एक छोटी पिन किंवा बटन असते, जे वीज गेल्यावर पट्टीला चुंबकापासून थोडे ढकलते. उरलेल्या चुंबकत्वाने पट्टी चिकटून राहू नये म्हणून ते आहे. रंगारी त्याच्यावर रंग फासतो, किंवा ते गंजून आतच बसते.

*गंज.* मिरामार, कोलवा, बागा अशा ठिकाणी खाऱ्या वाऱ्याने पट्टीवरचा निकेलचा थर सोलतो आणि खाली गंज धरतो. कोरड्या फडक्याने पुसून बघा. सँडपेपर मारू नका, उरलासुरला थरही जातो आणि पुढच्या पावसात दुप्पट गंज येतो. खड्डे पडले असतील तर पट्टी बदला, ती काही महाग नाही.

*दार.* सागवानी चौकटीत बसवलेले लाकडी दार जुलैत फुगते. चुंबकाने सोडलेले असते, चौकटीने धरलेले असते. सुताराचे काम आहे, इलेक्ट्रिशियनला बोलावून उपयोग नाही. डोअर क्लोजर जास्त आवळलेला असेल तर वयस्कर माणसाला दार ढकलवत नाही. तोही बघा.

*ड्रॉप बोल्ट.* काचेच्या दारांना वरून किंवा खालून दांडा सरकणारे लॉक असते. वीज गेल्यावर सुटणाऱ्या प्रकारातले असले तरी त्याची एक खोड आहे: दारावर बाजूने दाब असताना वीज काढली तर दांडा भोकाच्या कडेला अडकतो आणि मागे येत नाही. घाबरलेली माणसे दाराला रेटूनच उभी असतात. म्हणून चाचणी करताना एकाला खांद्याने दार रेटून ठेवायला सांगा आणि मग वीज काढा. माझे मत विचाराल तर बाहेर पडायच्या वाटेवर ड्रॉप बोल्ट नकोच. तिथे ईएम लॉक लावा, दिसायला बोजड असले तरी चालेल.

*लॉकचा प्रकार.* ईएम लॉक वीज गेली की सुटतेच. पण इलेक्ट्रिक स्ट्राइक (चौकटीतली विजेवर सुटणारी खाच) आणि बोल्ट दोन्ही प्रकारांत येतात: वीज गेल्यावर सुटणारे आणि वीज गेल्यावर बंद होणारे. काहींमध्ये आतला एक स्क्रू किंवा जंपर फिरवून प्रकार बदलता येतो. दुसऱ्या प्रकाराचा लॉक फायर पॅनेलला जोडला आणि अलार्ममध्ये वीज तोडली तर तुम्ही दार स्वतःच्या हाताने लॉक केलेत. त्याला आतून साधा हँडल असेल आणि तो फिरवून दार उघडत असेल तर चालते. नसेल तर लॉक बदला.

चौथी तपासणी: पॉवर सप्लाय मोजा

म्हणजे आधी संख्या मोजा. मग व्होल्ट.

काही दारे सुटतात आणि काही नाहीत, याचे उत्तर जवळजवळ नेहमी इथे असते. इमारतीत आधी दोन दारे होती, नंतर अकाउंट्सचे दार आले, मग स्टोअरचे. प्रत्येक वेळी वेगळा ठेकेदार, प्रत्येक वेळी नवा पॉवर सप्लाय. फायर रिले मात्र पहिल्याच डब्यावर. एकेक डबा बंद करा, कोणते दार सुटते ते बघा आणि कागदावर लिहा. एखादे दार कोणताच डबा बंद केल्यावर सुटत नसेल तर ते कंट्रोलरच्या बोर्डवरून किंवा फॉल्स सीलिंगमध्ये लपलेल्या ॲडॅप्टरवरून चालते आहे. सीलिंगचा पत्रा उचला, सापडतो.

आता मल्टिमीटरने लॉकच्या टोकाशी व्होल्टेज बघा. १२ च्या जागी साडेअकराच्या खाली आले असेल तर वायर बारीक आहे. अर्धा स्क्वेअर एमएमची वायर ६० मीटर ओढली तर जाऊन-येऊन १२० मीटर होते. अर्ध्या अँपिअरला तिच्यात दोन-सव्वादोन व्होल्ट जातात आणि लॉकला पावणेदहा मिळतात. चुंबक ढिले पडते, वाऱ्याने दार सुटते आणि मग जंपर नावाचा तो लाल तुकडा येतो. जाड वायर टाका किंवा लॉक २४ व्होल्टवर घ्या. २४ वर तेच लॉक निम्मा करंट घेते, म्हणून वायरीत जाणारे व्होल्टही निम्मे होतात.

पाचवी तपासणी: रिले, आणि वायर तुटली तर काय होते

इथे माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. बाकी सगळे दोष दिसतात, हा दिसत नाही.

पॅनेलच्या अलार्म रिलेला तीन टर्मिनल असतात: कॉमन, एनसी (नॉर्मली क्लोज्ड) आणि एनओ (नॉर्मली ओपन). नेहमी कॉमन-एनसी जोडलेले, अलार्ममध्ये सुटते. कॉमन-एनओ त्याच्या उलट. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, वायर काढा आणि बघा. नेहमीच्या स्थितीत कॉमन-एनसीला बीप वाजली पाहिजे, अलार्म दिल्यावर बीप थांबली पाहिजे. अलार्ममध्येही बीप चालूच असेल तर कॉन्टॅक्ट चिकटला आहे.

तो का चिकटतो? पॅनेलमधला रिले छोटा असतो, बऱ्याचदा ३० व्होल्ट डीसीला एक अँपिअरचा. त्यातून चार लॉकचा दोन अँपिअर करंट नेला तर तो किती दिवस टिकणार. शिवाय लॉक म्हणजे मोठी कॉइल आहे. करंट तुटताना ती उलटा झटका देते आणि कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते. उपाय दोन. लॉकचा करंट पॅनेलच्या रिलेतून न्यायचा नाही, मध्ये १० अँपिअरचा वेगळा रिले बेसवर लावायचा. आणि लॉकच्या टर्मिनलवर एमओव्ही, म्हणजे तो झटका शोषून घेणारा छोटा भाग, लावायचा. १एन ४००७ डायोडही चालतो, पट्टीची बाजू प्लसला. पण डायोडने लॉक सुटायला क्षणभर उशीर होतो, म्हणून मी एमओव्ही पसंत करतो. बऱ्याच लॉकमध्ये तो आतच असतो, आधी माहितीपत्रक बघा.

आता मधला रिले कसा जोडायचा. तीन पद्धती दिसतात.

पहिली: अलार्म आला की पॅनेलचा एनओ जुळतो, मधल्या रिलेला वीज मिळते आणि तो लॉक तोडतो. चाचणीत हे उत्तम चालते, ठेकेदाराचे बिल पास होते. सहा महिन्यांनी एसीवाला सीलिंगमध्ये डक्ट बसवताना ती वायर कापतो. कुठेही काही दिसत नाही. दार नेहमीसारखे उघडते, लागते, पॅनेल हिरवे. आगीच्या दिवशी रिलेपर्यंत वीज पोहोचतच नाही. ही जोडणी सापडली तर बदला, चालू असली तरी.

दुसरी: लॉकची प्लस वायर थेट पॅनेलच्या कॉमन-एनसीमधून. वायर कापली तर दार सुटते, लगेच कळते. एखाद्या लहान लॉकला चालेल. उणीव एवढीच की पॅनेलच मेले तर एनसी जुळलेलाच राहतो आणि दार धरून बसते.

तिसरी, आणि मी हीच करतो: पॅनेलच्या २४ व्होल्ट ऑक्झिलरीवरून (बाहेरच्या उपकरणांसाठीच्या जादा पुरवठ्यावरून), कॉमन-एनसीमधून जाऊन मधल्या रिलेची कॉइल कायम चालू ठेवायची. लॉकची वीज त्या रिलेच्या एनओमधून न्यायची. कॉइल चालू आहे तोवर लॉक धरते. अलार्म आला, वायर कापली, पॅनेलची वीज आणि बॅटरी दोन्ही गेल्या, रिले बेसमधून निसटला, काहीही झाले तरी कॉइल पडते आणि दार सुटते. अशा रिलेची कॉइल ३० ते ५० मिलिअँपिअर घेते. पॅनेलच्या बॅटरीच्या हिशेबात तेवढे बसते का ते पॅनेलच्या कंपनीच्या माणसाला विचारून घ्या.

जोडणी कोणती आहे ते न वाचता कळते. पॅनेलकडून येणारी एक वायर काढा. दार सुटले तर बरे. काहीच झाले नाही तर पहिली पद्धत आहे, किंवा वायर आधीच कुठेतरी तुटलेली आहे.

मालक इथे हमखास विचारतात: मग चोरानेही वायर कापली तर? बारवाले विचारतात: गिऱ्हाईक एमसीपी दाबून बिल न देता पळाले तर? पॅनेल, रिले आणि वायर दाराच्या सुरक्षित बाजूला, कंड्युटमधून न्या. दार सुटले की सिक्युरिटीच्या टेबलावर बझर वाजेल असे करा. एमसीपीवर उचलायचे पारदर्शक झाकण लावा, ते उचलले की किंचाळते. बिलाची सोय होते. पण सुटणारे दार न सुटणारे करून ती सोय होणार नाही.

सहावी तपासणी: कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर

कंट्रोलरला “फायर” नावाचे इनपुट असते. ते वापरा, त्यामुळे स्क्रीनवर कोणती दारे सुटली ते दिसते. पण त्याच्यावर विसंबू नका. वरची रिलेची वाट खरी, ही जोडीला. सॉफ्टवेअरमधून एका क्लिकने सगळी दारे उघडतात हे दाखवणारा सेल्समन सर्व्हर, नेटवर्क स्विच आणि लॅनची वायर तिन्ही आगीत चालू राहतील असे गृहीत धरतो.

दार सुटून पुन्हा धरत असेल तर दोष इथे किंवा पॅनेलच्या प्रोग्राममध्ये आहे. कंट्रोलरमध्ये फायर इनपुटला दाराचा नेहमीचा पाच सेकंदांचा टायमर लावलेला असतो. तो काढून “इनपुट असेपर्यंत उघडे” करा. हूटर सायलेन्स केल्यावर दार धरत असेल तर मधला रिले अलार्म आउटपुटऐवजी हूटरच्या आउटपुटवर जोडलेला आहे. वायर हलवा. दार फक्त रिसेटनंतर लॉक झाले पाहिजे, आणि रिसेट करणाऱ्याने आधी जाऊन बघितलेले असले पाहिजे.

सातवी तपासणी: धुरापासून दारापर्यंत

सगळे सुटे भाग ठीक असले तरी अख्खी साखळी एकदा चालवून बघायची. प्रत्येक मजल्यावरचा किमान एक डिटेक्टर आणि एक एमसीपी. डिटेक्टरसाठी चाचणीचा स्प्रे मिळतो, अगरबत्ती नको, तिचा तेलकट थर आत बसतो. बऱ्याचदा असे निघते की पहिल्या मजल्याचा एमसीपी दाबला की दारे सुटतात आणि तिसऱ्या मजल्याचा डिटेक्टर लागला तर नाहीत, कारण तिसरा मजला नंतर जोडला आणि प्रोग्राममध्ये कोणी घातलाच नाही. हे सापडले की तुमचे काम संपले, पॅनेलवाल्याचे सुरू झाले.

इथे थांबा, माणूस बोलवा

ॲड्रेसेबल पॅनेलचा प्रोग्राम आणि लूपची (सगळे डिटेक्टर ओवणाऱ्या फेरीची) वायरिंग. पासवर्ड माहीत असला तरी नाही. लूपमधली एक चूक दाराबरोबर आणखी दहा डिटेक्टर गप्प करते. आयएस २१८९ या फायर अलार्मच्या भारतीय मानकाप्रमाणे काम करणारा, त्या कंपनीचा माणूस हवा.

गॅस फ्लडिंगच्या जवळ काहीही.

फायर रेटेड, म्हणजे ठरावीक वेळ आग रोखणारे दार. लॉकसाठी त्याला भोक पाडले तर त्याचे रेटिंग जाते. दार बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय ड्रिल लावू नका.

डब्यात पाणी, जळका वास किंवा काळे पडलेले टर्मिनल. २३० व्होल्ट तिथेच असतात. मेन बंद करून परवानाधारक इलेक्ट्रिशियन.

हॉस्पिटलचा बंद वॉर्ड, नवजात बालकांचा कक्ष, मनोरुग्णांचा विभाग. तिथे दार सुटल्यावर माणसे कुठे जातील हे आधी ठरावे लागते, आणि ते वायरमनने ठरवायचे नाही.

बाहेर पडायच्या वाटेत नवे दार घालायचे असेल किंवा असलेल्या दाराची जागा बदलायची असेल, तर सांतिनेजच्या अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा संचालनालयाकडे आधी जा. एनओसी ज्या नकाशावर मिळाली त्यात हे दार नसेल तर नंतरचे स्पष्टीकरण कोणी ऐकत नाही.

आणि माणूस येईपर्यंत? लॉकची वीज काढून ठेवा, बॅटरीसकट. दाराशी गार्ड बसवा. “पार्ट मुंबईहून यायचा आहे” हे कारण पंधरा दिवस पुरते, तितके दिवस कार्डाशिवाय चालवा.

पुन्हा कधी बघायचे

महिन्यातून एकदा हिरवा डबा आणि एक एमसीपी. याशिवाय जूनच्या आधी, बॅटरी बदलल्यावर, आणि सीलिंगमध्ये एसीवाला, नेटवर्कवाला किंवा रंगारी काम करून गेला की त्याच दिवशी.

पॉवर सप्लायच्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा. त्यावर या डब्यावर कोणती दारे आहेत, फायर रिले कोणता, आणि मागची चाचणी कोणी कोणत्या तारखेला केली, एवढे लिहा. बॉलपेनने नको, ओलीत शाई पसरते. पेन्सिलने लिहा.